खिंडीत रडणारी पिकअप

"सलीमभाई, गाडी आज परत रडली."

किसन हे म्हणाला तेव्हा मी एका टेम्पोखाली पाठीवर पडलेलो होतो. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मी खालूनच ओरडलो, "तिला म्हणावं, आता मिस्त्रीपण रडायला आलाय!"

तो हसला नाही. एरवी हा माणूस माझ्या फालतू विनोदांवरही हसतो. म्हणून मी बाहेर आलो.

माझं गॅरेज कामशेतला आहे. किसनची वाडी टाकवे बुद्रुकच्याही पुढे, आंदर मावळात. तिकडे एसटी आली तर आली. दिवाळीच्या सुमाराला त्याने सुदुंबऱ्याच्या एका माणसाकडून जुनी डिझेल पिकअप घेतली. रोज पहाटे आसपासच्या वाड्यांचं दूध गोळा करून तो टाकव्याला डेअरीवर आणतो. कॅनच्या मधे दवाखान्याला, बाजाराला निघालेली माणसं बसतात. त्यांना दुसरी सोय नाही.

तक्रार थंडी पडल्यापासूनची होती. पहाटे गाडी चालू व्हायला त्रास देते, झटके मारते, ओढत नाही. वाडीपासून ओढ्यापर्यंत उतार आहे, मग खिंडीची चढण, आणि खिंडीत वळण. त्या चढणीवर इंजिनातून रडल्यासारखा आवाज येतो आणि वळणावर गाडी बंद पडते. जरा थांबून सेल्फ मारला की चालू होते. टाकव्याला पोचेपर्यंत एकदम सुतासारखी सरळ.

पहिल्या खेपेला मी हीटर प्लग तपासले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटतं. थंडीत ती उष्णता कमी पडते, म्हणून आत हे छोटे हीटर असतात. त्यातले दोन गेलेले होते. शिवाय टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याकडून, इंजिनाकडे हवा नेणारा रबरी होज तडकला होता. थंडीत रबर आखडतं, फट उघडते आणि तिथून बारीक शिट्टी वाजते. इंजिन तापलं की फट मिटते. मी दोन्ही बदललं आणि छाती फुगवून सांगितलं, "आता रडायची नाही."

थोड्याच दिवसांत तो परत आला. आता शिट्टी नव्हती, आवाज जाड झाला होता. मी डिझेल फिल्टर बदलला, कारण त्यात पाणी होतं. एअर फिल्टर नवा घातला. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कुठं दुखतंय ते विचारायचं यंत्र. कॉम्प्युटर म्हणाला, कुठंच नाही. मग मी गाडी एक रात्र मुद्दाम उघड्यावर, दवात ठेवून घेतली. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू झाली. वडगावपर्यंत फिरवून आणली, एक झटका नाही. मी किसनला म्हणालो, "माझ्याकडे शहाण्यासारखी वागते आणि तुझ्या वाडीवर झपाटल्यासारखी. गाडीत काही नाही, जा."

आणि आज तो तिसऱ्यांदा उभा होता.

"आज वळण वलांडलं आन् मंग बंद पडली," तो म्हणाला. "फुडं उतार. ब्रेक लागंना. मागं बाया बसलेल्या. कडंच्या मुरमाच्या ढिगात घातली म्हनून थांबली."

पिकअपचा ब्रेक आपण नुसता पायाच्या जोराने दाबत नाही. इंजिनावर चालणारा एक पंप त्याला मदत करतो. इंजिन बंद पडलं की एकदोनदा पेडल दाबेपर्यंत ती मदत टिकते, मग पेडल दगड होतं. त्या उताराच्या कडेला कठडा नाही, हे मला माहीत होतं.

"उद्या गाडी काढायची नाही," मी म्हणालो.

"दूध कसं न्यायचं? लोकं माज्यावं हायेत." मग तो खाली बघत म्हणाला, "आई म्हनती, त्यो दादा हाय."

त्याचा मोठा भाऊ बाळू. गेल्या हिवाळ्यात त्याच वळणावर, धुक्यात, मोटरसायकलवरून खाली गेला होता. मला ते ठाऊक होतं, पण जागा ठाऊक नव्हती. "आई म्हनती, दादा बोलवतोय. ती इक म्हनती गाडी. बायकूबी इक म्हनती."

माझा भुतांवर विश्वास नाही, पण मी त्यांची थट्टाही करत नाही. मला मात्र राग आला. दोनदा मी या माणसाला 'गाडी ठीक आहे' म्हणून उतारावर पाठवला होता. थंडीतली खोड थंडीतच, आणि जिथे निघते तिथेच पकडायला हवी. गरम गाडी गॅरेजमध्ये उघडून काही उपयोग नव्हता. मी म्हणालो, "आज तुझ्याकडे मुक्काम. उद्या पहाटे मी चालवणार. मागे कोणी बसायचं नाही."

किसनच्या आईने चुलीपुढे बसवून भाकरी आणि वालाची आमटी वाढली. बाई बारीक, ताठ. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मिस्त्री, तुमाला मशिनीतलं ऐकू येतं व्हय?"

"येतं मावशी. तेच माझं काम."

"मंग त्येला इचारा, काय पायजे म्हनून."

भाकरीचा घास तोंडातच फिरत राहिला. किसन म्हणाला, "आई, जेवू दे त्यान्ला." पण तिचे कान दाराबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडेच होते. मी पडवीत घोंगडी ओढून झोपलो, आणि खरं सांगतो, तोंडावरूनही ओढली.

पहाटे धरणाकडून आलेलं धुकं अंगणात भरलं होतं. गाडीच्या काचा आतून बाहेरून ओल्या. मी बॉनेट उघडलं नाही. आजाऱ्याला आधी बोलू द्यावं, मग नाडी धरावी, ही माझी पद्धत आहे. सेल्फ मारला. चटकन चालू झाली, म्हणजे हीटर प्लग चोख. पण उभ्या गाडीचं अंग कापत होतं. किसन शेजारी बसला. त्याची आई दारात उभी होती, हात जोडून. आम्ही निघालो.

ओढ्यापर्यंत ठीक होतं. चढण लागली, मी दुसरा गिअर टाकला, एक्सलेटर दाबला आणि तो आवाज सुरू झाला.

मी गेली पंचवीस-तीस वर्षं इंजिनं ऐकतोय. घासणारी, खडखडणारी, शिट्ट्या मारणारी. हा आवाज त्यांतला नव्हता. तोंडात पदर कोंबून कोणी रडावं, तसा तो होता. मी पाय दाबला की वाढायचा, सैल केला की हुंदका गिळल्यासारखा थांबायचा. धुक्यात रस्ता दिसत नव्हता, त्यामुळे तो कुठून येतोय तेही कळेना. एकदा वाटलं बॉनेटखालून, एकदा वाटलं मागच्या हौद्यातून. मी मागे वळून बघितलं. हौद्यात रिकामे कॅन होते.

पण तेवढ्यात आरशात काहीतरी दिसलं. पांढऱ्या धुक्यात मागे काळा धूर. थंडीत न जळलेलं डिझेल पांढरा धूर देतं. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. आतापर्यंत किसनला धुक्यात तो दिसलाच नव्हता.

मी त्याला ते सांगणार, तर तो डोळे मिटून पुटपुटत होता, "दादा, नगं. दादा, नगं."

गाडीची ताकद गेली. झटका, आणखी एक झटका. वळणाच्या माथ्यावर इंजिन मेलं. आणि आवाज मात्र एक क्षणभर राहिला. इंजिन बंद, चाकं फिरतायत, आणि बॉनेटकडून तो हुंदका लांबत लांबत विरतोय. टर्बोचा पंखा इंजिनानंतरही थोडा वेळ फिरतो, हे मला माहीत आहे. त्या क्षणी ते आठवलं नाही.

गाडी उताराला लागली. पहिल्यांदा ब्रेक लागला, दुसऱ्यांदा अर्धा, मग पेडल दगड. मी पहिला गिअर घातला, क्लच सोडला, हँडब्रेक खेचला. गाडीने मान आपटली आणि ती उभी राहिली.

खाली उतरून चाकांना धोंडे लावले आणि बॉनेट उघडलं. हवा कमी, तर हवेची वाट बघायची. एअर फिल्टर मीच घातलेला, स्वच्छ होता. त्याच्या पुढे एक प्लास्टिकचा पाइप पुढच्या जाळीपर्यंत जातो. गाडी तिथून श्वास घेते, ते तिचं नाक. मी त्यात हात घातला. बोटांना काहीतरी गार, ओलं आणि मऊ लागलं. मी हात झटकन मागे घेतला. लाज वाटली, पण घेतला.

दुसऱ्यांदा घालून ओढलं. कापडाचं गाठोडं बाहेर आलं, निथळत असलेलं. गोमूत्राचा वास. गाठ सोडली तर आत तांदूळ, अंगारा आणि वाळकं लिंबू.

किसन कापडाकडे बघत राहिला. निळ्या चौकटींचा शर्ट होता. "दादाचा हाय," तो म्हणाला.

मग तोच बोलायला लागला, आणि सगळ्याचा उलगडा झाला. दूध टाकून तो घरी आला की आई गाडीच्या चाकांवर पाणी घालायची, पूर्वी शेतावरून आलेल्या बैलांच्या पायांवर घालायची तसं. घालता घालता ती पुढच्या जाळीशी वाकायची. आणि दिवेलागणीला लिंबू ओवाळून परत वाकायची. म्हणजे गाठोडं सकाळी काढायची, संध्याकाळी भिजवून घालायची. माझ्याकडे गाडी यायची ती दूध टाकून, घरी जाऊन, मग. तेव्हा नाक मोकळं. आणि माझ्याकडे मुक्कामाला होती, तेव्हा कोण घालणार?

चढणीवर इंजिन जास्त हवा ओढतं. त्या ओढीने ओलं गाठोडं आत जाऊन बसायचं आणि फटीतून हवा रडायची. पुढे इंजिनाच्या उष्णतेने कापड वाळलं की त्यातून हवा जायची. म्हणून टाकव्याला तक्रार शून्य. पहिली शिट्टी त्या तडकलेल्या होजची. ती ऐकूनच मावशी बिचारी देवऋष्याकडे गेली असणार.

गाठोडं काढून गाडी चालू केली. उताराच्या खाली जाऊन वळवली आणि ती एका दमात परत वळण चढली. काही आवाज नाही. तसेच आम्ही वाडीवर परत आलो. किसन लालबुंद झाला होता. "आदी बोलतोच तिला," म्हणून उडी मारून उतरला. मी त्याचा दंड धरला. "तू गप. गाडीचं मी सांगणार."

मावशी अजून दारातच होती. माझ्या हातातलं कापड बघून तिने डोळे खाली केले.

"मावशी, गाडी इथून श्वास घेते," मी जाळी दाखवली. "तुम्ही तिचं नाक बांधलंत. म्हणून ती बंद पडते. काल किसन वाचला."

"म्या त्येचं तोंड बांदलं," ती हळूच म्हणाली. "द्येवऋषी म्हनला, त्येच्याच कापडानं बांद. धाकल्याला हाका मारू नये म्हनून. एक गेला. दुसराबी..."

किसनचा राग जागच्या जागी उतरला.

"आता नाही बंद पडणार," मी म्हणालो. "आणि रडणारही नाही."

तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत. तिने मान वर केली. "कदीच न्हाई?"

"कधीच नाही."

ती उंबऱ्यावर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. किसन म्हणाला, बाळू गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "तेवडाच आवाज ऱ्हायलता त्येचा," ती म्हणत होती. "आता पहाटं काय ऐकू म्या?"

याला माझ्याकडे पाना नव्हता. शेवटी, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "किसन, वळण सुखरूप पार झालं की रोज लांब हॉर्न द्यायचा. वाडीपर्यंत ऐकू आला पाहिजे."

ती थांबली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "दोनदा दे. येकदा त्येच्यासाटी."

त्या हिवाळ्यात गाडी पुन्हा आली नाही, ऑइल बदलायला आली तेवढीच. थंडीत तुमची गाडी झटके मारत असेल तर प्लग, फिल्टर, सेन्सर सगळं बघून घ्या. पण त्याआधी तुमच्या मागे गाडीला कोण हात लावतं, ते घरात विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि किसनला दोनदा हात हलवत परत पाठवलं होतं.

हॉर्न रोज दोनदा वाजतो. मावशी तोवर चूल पेटवत नाही, असं किसन सांगतो. फक्त त्या सकाळी तो वाजवायला गेला तेव्हा वाजेना, वायर तुटलेली निघाली. तेवढा एकच फॉल्ट मी वाडीवर उभ्या उभ्या, पहिल्या झटक्यात पकडला.