बाहेरचा स्पीकर

"नऊ नंबरला 'नाही' लिहिलंत तर रेडिओ मिळणार नाही, गुरुजी. कळतंय ना?"

हे मी तिसऱ्यांदा सांगत होतो. गुरुजी मान डोलावत होते आणि फॉर्म परत माझ्याकडे सरकवत होते. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. गावाच्या चुका गावानं सांगाव्यात, मला इथं माझी सांगायची आहे.

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. भोर आणि वेल्हे भागातल्या शाळांना रेडिओ द्यायची सरकारी योजना होती आणि मी तिचा सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे पडेल ते काम. कुठल्या शाळेला सेट द्यायचा ते बघायचं, एस.टी.तून मांडीवर खोकं न्यायचं, एरियल बांधायची, गुरुजींना बटणं शिकवायची आणि सेट बंद पडला की पुन्हा जायचं. एरियल म्हणजे दोन उंच जागांमध्ये ताणलेली तांब्याची उघडी तार. पुण्याचा आवाज डोंगर चढून या खोऱ्यात उतरेपर्यंत दमलेला असायचा, म्हणून तार चांगली लांब लागायची. वीज नव्हती. सेट विटेएवढ्या कोरड्या बॅटरीवर चालायचा. आवाज मोठा ठेवला की बॅटरी भराभर संपायची आणि नवी यायला महिने लागायचे.

म्हणून फॉर्मवर नववा प्रश्न होता. 'सर्व विद्यार्थी एका जागी सेटसमोर बसून ऐकू शकतात काय?' उद्देश एवढाच, की आवाज लहान ठेवता यावा. प्रत्येक गुरुजी न वाचता 'होय' लिहायचे आणि मीही न वाचता पुढं जायचो. 'नाही' लिहिणारे हे पहिलेच भेटले होते.

"का नाही?" मी विचारलं.

गुरुजींनी नुसतं समोर बघितलं. शाळेला इमारत नव्हती, देवळाचा सभामंडप हीच शाळा. दुपारची सुट्टी होती, तरी मुलं आपापल्या जागी बसून भाकरी खात होती. मंडपात तीस-पस्तीस. समोर पंचवीस हातांवर लिंबाचं झाड, त्याच्याखाली अकरा. ती बौद्ध वस्तीतली मुलं. फळा मंडपात आत होता. लिंबाखालून त्याची फक्त एक कड दिसायची. पावसाळ्यात मंडपातली शाळा चालू राहायची आणि लिंबाखालची घरी जायची.

"कायदा आहे ना याला?" मी म्हणालो.

"आहे की. दोनदा वाचून दाखवला गावाला," गुरुजी म्हणाले. "पाटील म्हणतात, त्यांनी देव सोडला, मग आता देवळात कशाला बसायचं?"

गुरुजी मूळचे उत्रोलीचे, घरची भातशेती. खाली मान घालून, हळू बोलणारा माणूस. या गावात त्यांचं तिसरं वर्ष होतं. मला म्हणाले, "साहेब, खोटं मी लिहिणार नाही. पण तुम्ही एक करा. मी गाव जमवतो. तुम्ही फक्त सांगा की नियमच तसा आहे. सगळी पोरं एका जागी बसली तर पेटी, नाहीतर ती जाईल दुसऱ्या गावाला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा नाक हाताला लागलंय."

मला गंमत वाटली. गाव जमलं. मी सांगितलं. साहेबी आवाजात, फॉर्म हातात धरून सांगितलं. शेजारच्या गावाला दिवाळीत सेट मिळाला होता. इथली माणसं संध्याकाळी बातम्या ऐकायला तिकडं जायची आणि टोमणे ऐकून परत यायची. पाटलांना ते झोंबत होतं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "इचार करतो."

परत निघालो तेव्हा एस.टी.च्या फाट्यापर्यंत सखाराम नावाचा माणूस माझं खोकं डोक्यावर घेऊन आला. लिंबाखालच्या अकरांत त्याची कमल होती. चौथीत.

"चौथीची परीक्षा हाय औंदा," तो म्हणाला. "फळ्यावरली गनितं दिसत न्हाईत तिला. कोन पोरगी पानी प्यायला भाईर आली की तिच्या पाटीवरनं उतरून घेती. आमास्नी देवाशी काय करायचं न्हाई, सायेब. फळा दिसला पायजेल, बास."

"होईल," मी म्हणालो.

"शिमग्यापत्तुर बगनार. म्या गुरुजींस्नी तसं सांगितलंय. पोरगी आत बसली तर शाळा, न्हाईतर काढनार तिला. भाईर बसायचंच शिकायचं आसंल, तर त्याला शाळा कशाला पायजे?"

मी गाडीत बसलो. शिवऱ्याला चहाला उतरेपर्यंत हे डोक्यात होतं. पुण्याला पोचलो आणि पुढची गावं लागली.

पंधरा दिवसांनी गुरुजींचं कार्ड आलं. 'गावात बोलणी सुरू आहेत. आमचा रेडिओ दुसऱ्यास देऊ नये. घाईही करू नये.' कार्ड वाचून मी फायलीला लावलं.

आमच्या ऑफिसात भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता. सेट बसला की हिरवी टाचणी, राहिला असेल तर लाल. मार्च जवळ आला तेव्हा सगळ्या खोऱ्यात एकच लाल उरली होती. साहेबांनी मला नकाशासमोर उभं केलं.

"शेटे, ही लाल का?"

"नवव्या प्रश्नाला 'नाही' आहे, साहेब. काही मुलं बाहेर बसतात."

"बाहेर म्हणजे किती लांब?"

"पंचवीस हात असेल."

"मग अडलंय कुठं? तुम्ही टेक्निकल माणूस ना? पंचवीस हातांवर आवाज नेता येत नाही तुम्हाला?"

साहेबांनी हे चेष्टेत विचारलं, पण मला ते लागलं. आवाज नेता येत नाही, मला? तिथंच माझ्या डोक्यातून गुरुजी गेले, कार्ड गेलं, सखाराम गेला. उरलं एक टेक्निकल कोडं.

रेडिओच्या पेटीत एक स्पीकर असतो. त्याला तार जोडून दुसरा स्पीकर लांब लावता येतो, त्याला एक्स्टेन्शन म्हणायचे. अडचण अशी, की आवाज दोघांत वाटला जातो आणि दोन्हीकडं पिचका येतो. मी वर्कशॉपमध्ये तीन दिवस बसलो. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर घातला, म्हणजे दोन्हीकडं सारखा आणि पुरेसा आवाज येईल. बाहेरच्या स्पीकरला सागवानी खोकं केलं, पावसाचं पाणी निथळावं म्हणून वर पत्र्याचं उतरतं छप्पर केलं. पॉलिशसुद्धा मारलं. ते तीन दिवस मी शीळ वाजवत काम करत होतो. आज आठवलं की त्या शिळेचीच जास्त लाज वाटते.

न कळवता गेलो. पोचलो तर गुरुजी नव्हते, नसरापूरला सभेला गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं येणार होते. थांबता आलं असतं. पण उजेड असेपर्यंत एरियल बांधायची होती, आणि मला माझी करामत दाखवायची घाई झाली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही खोटं नाही.

पाटील स्वतः आले. दोन खोकी बघून म्हणाले, "ह्यो दुसरा कशाला?"

"बाहेरच्या मुलांसाठी. बसल्या जागी ऐकू येईल त्यांना."

पाटलांनी माझ्याकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. मग मांडीवर थाप मारून हसले.

"आरं तिच्या! ह्याला म्हनायचं शिकल्यालं मानूस. आमी उगा रगात आटवत बसलो हुतो." त्यांनी लगेच चार गडी मदतीला दिले.

मी ते कौतुक समजलो. तासाभरात एरियल ताणली, सेट मंडपात मांडला, तार लिंबापर्यंत नेली आणि बुंध्यावर, मुलांच्या डोक्यावर हातभर उंच, स्पीकर ठोकला. दुपारचा शाळेचा कार्यक्रम लागला. दोन्हीकडं आवाज स्वच्छ. आवाजाबरोबर मुलं पळत आली. मंडपातली मंडपात गेली, लिंबाखालची लिंबाखाली. कुणी कुठं बसायचं हे सांगावं लागलं नाही. कमल स्पीकरच्या अगदी खाली, मान वर करून उभी होती. नवव्या प्रश्नापुढं मी स्वतःच्या हातानं 'होय' लिहिलं आणि पाटलांची सही घेतली.

सखाराम राबावरून आला. राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजून ठेवायचं काम. हात राखेनं काळे झाले होते. कार्यक्रम संपेपर्यंत तो मागं उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "सायेब, ही पेटी हितं लावा म्हून कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. माझीच कल्पना. आता कमलला सगळं स्वच्छ ऐकू येईल."

"ऐकू तर आदीबी येत हुतं," सखाराम म्हणाला.

मी हातातली पक्कड पिशवीत टाकली आणि पुन्हा बाहेर काढली.

"सोमवारपासनं आत घेनार हुते पोरांस्नी. पाटलानं गुरुजींस्नी शबूद दिला हुता, चार मानसांम्होरं. रेडिव पायजे हुता न्हवं."

तो रागानं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसतं मला माहिती देत होता, वाटेतल्या माणसाला रस्ता सांगावा तसा.

मी पाटलांकडं गेलो. "तुम्ही शब्द दिला होता?"

"दिला हुता की. तुमचा नियमच हुता तसा. आता तुमीच सोय केली, मंग काय गरज ऱ्हायली?" ते सरळ मनानं म्हणाले. त्यांनी मला चहा घ्यायचा आग्रहही केला.

गुरुजी दिवस मावळायच्या सुमाराला आले. फाट्यावरून चालत येतानाच त्यांना लिंबावरचं खोकं दिसलं असणार, कारण मंडपाकडं न येता ते आधी तिकडं गेले. पत्र्याच्या छपराला हात लावून बघितला.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले. खरंच म्हणाले, टोमणा नव्हता. मग विचारलं, "माझं कार्ड मिळालं नव्हतं का?"

"मिळालं होतं."

"मग?"

मी म्हणालो, "मी दोन्ही पेट्या आत्ता उतरवतो. सेट खराब आहे म्हणून सांगतो."

"नको. वाजताना सगळ्या गावानं ऐकलंय. आता काढलात तर म्हणतील, ह्यांच्यामुळं गेला. आज पोरं निदान लिंबाखाली बसतायत. उद्या तिथंही बसू देणार नाहीत." ते पायरीवर बसले. "तीन वर्षं लागली, साहेब. आणखी तीन लागतील. पण चौथीतली पोर तोवर थांबत नाही."

ऑफिसात मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग हिरवी टाचणी लावली. "गावाची तक्रार आहे?" त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती. रेडिओ वाजत होता, गाव खूश होतं. पुढच्या वर्षीच्या सामानाच्या यादीत एक नवी ओळ आली, 'बाह्य स्पीकर, आवश्यकतेनुसार'. सोबत मी काढलेलं चित्र जोडलं होतं, पत्र्याच्या छपरासकट. आणखी दोन गावांना ते खोकं गेलं. तिथं कोण कुठं बसत होतं, हे बघायला मी गेलो नाही. धीर झाला नाही.

शिमगा झाला आणि सखारामनं कमलला शाळेतून काढलं. परीक्षेला ती बसली नाही.

पावसाळ्यात बॅटरी बदलायला मी त्या गावी गेलो. लिंबाखाली कुणी नव्हतं, स्पीकर एकटाच गाणं म्हणत होता. वाटेवरच्या खाचरात बायका भात लावत होत्या. त्यांच्या ओळीत कमल होती, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकलेली. एका बाईनं विचारलं, "कोन गं?" कमलनं मान वर केली, मला ओळखलं आणि म्हणाली, "रेडिववालं." मग पुन्हा खाली वाकून तिनं पुढचं रोप लावलं. मी बांधावरून पुढं गेलो.

पुढं काही वर्षांनी त्या गावात दोन खोल्यांची शाळा झाली आणि सगळी मुलं आत बसू लागली. गुरुजींची बदली त्याआधीच झाली होती. नसरापूरच्या स्टँडवर एकदा सखाराम भेटला. कमल कामथडीकडं दिलीय म्हणाला. लेक झालीय तिला. मी कमलबद्दल विचारलं, काही वाचते का?

"यस्टीची पाटी वाचती," सखाराम म्हणाला. "पुढलं गेलं इसरून."

मी रिटायर होईपर्यंत शाळांत पुष्कळ सामान बसवलं. प्रोजेक्टर आले, टेप आले. प्रत्येक ठिकाणी काही ना काही अडचण असायचीच. पिशवीतून हत्यारं काढण्याआधी मी गुरुजींना बाजूला घेऊन विचारायचो, ही अडचण तुम्हाला हवी आहे की नको? बहुतेक जण माझ्याकडं वेड्यासारखं बघायचे. एवढ्या वर्षांत दोघांनी मात्र इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला आणि म्हणाले, "राहू द्या, साहेब." मी पिशवी उचलली आणि काम न करता परत आलो.