तिसरा भाग अर्धाच राहिला

मंडळी, आज दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

डिलाईल रोडला माझा शाळासोबती सदा राहतो. त्याच्या टीव्हीवर आम्ही दोघे म्हातारे एक इंग्रजी विनोदी सिनेमालिका बघत होतो. दोन गांजेकस मित्र, भूक लागली की शहरभर भटकतात आणि नको तिथे अडकतात. पहिले दोन भाग बघताना हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.

आज तिसरा. मध्येच सदा म्हणाला, "हे दोघं म्हणजे आपणच रे. गांजा तेवढा राहिला."

तेवढ्यात त्याची सून चहा घेऊन आली. मी पडलो कविता करणारा सभ्य माणूस. घाईघाईने म्हणालो, "मी कसला बघतोय असलं? यालाच हौस."

सदाने टीव्ही बंद केला. "चहा पी नि नीघ," म्हणाला. एरवी जिन्यापर्यंत सोडायला येतो, आज उठलासुद्धा नाही.

शाळेत कविता म्हणताना मी अडलो की मागच्या बाकावरून हाच ओळ पुरवायचा. सिनेमातले ते दोघं पोलिसांपुढेही एकमेकांना सोडत नाहीत. मी सुनेच्या एका नजरेला घाबरलो.

उद्या जाऊन तिच्यासमोरच सांगणार आहे की, सिनेमा लावायचा हट्ट खरं तर माझाच होता. पण एवढ्याने भागेल का हो? तुमचा जुना मित्र असा गप्प झाला, तर तुम्ही काय करता?