काकांचा चौथा दिवस

आमच्या सोलापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात दिवस आकड्याने सुरू होतो. सकाळी सात वाजता सगळे सतरंजीवर गोल बसतात आणि दारू सोडून किती दिवस झाले तेवढंच एकेक जण सांगतो. "अकरा." "त्रेचाळीस." "दोन." आकडा ऐकला की बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "उद्या भेटू." टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या मोठ्या आकड्याला जास्त पडतात आणि दोन दिवसवाला मान खाली घालतो, हे आम्ही एकदा पाहिलेलं आहे. मधे ज्याचा पाय घसरला त्याने दुसऱ्या सकाळी पुन्हा "एक" म्हणायचं. त्याला कुणी का, कधी, कुणासोबत असं विचारत नाही. त्यालाही तेच उत्तर मिळतं. खोटा आकडा सांगायचा नाही हा नियम कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नाही, आणि केंद्रातला तेवढा एकच नियम न चुकता पाळला जातो.

मी केंद्राची कागदपत्रं बघते. पत्रव्यवहार, अर्ज, अहवाल, साहेबलोकांना फोन, सगळं माझ्याकडे. दारूला मी कधी शिवले नाही, त्यामुळे माझ्याकडे आकडा नाही. माझी पाळी आली की मी म्हणायची, "ऐकायला आलेय." त्यावर कुणी काही म्हणायचं नाही आणि पाळी पुढे सरकायची. मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

त्या वर्षी केंद्राच्या गळ्याशी आलं होतं. बावीस खाटा, त्यातल्या निम्म्या माणसांना एक पैसा देणं शक्य नाही, आणि ज्यांच्या देणगीवर आम्ही चालत होतो त्यांनी हात आखडता घेतलेला. एका पुण्याच्या ट्रस्टचं तीन वर्षांचं अनुदान मिळालं तर केंद्र चालणार, नाही मिळालं तर मार्चअखेर दाराला कुलूप. इतकं सरळ होतं. अर्ज मी भरला होता. चाळीस पानांचा इंग्रजी अर्ज, आणि त्यात एक रकाना होता यशाची टक्केवारी मागणारा. दारू सुटण्याची टक्केवारी ज्याने मागितली त्याच्या घरात कुणी पीत नसणार, असं मी तेव्हा तोंडाने म्हणाले आणि हाताने आकडा भरला. माणसाला गरज असली की असंच होतं.

अर्जाच्या पहिल्या पानावर काकांचा फोटो होता. काका म्हणजे आमचे मुख्य समुपदेशक. उजनीकाठच्या एका गावातले, पन्नाशीचे. पूर्वी धरणाचं पाणी उपसणाऱ्या मोटारी दुरुस्त करायचे. दारूने हाताला थरथर सुटली, काम गेलं, बायको माहेरी गेली. मग ते आमच्याकडे रुग्ण म्हणून आले, बरे झाले आणि इथेच राहिले. बायकोही परत आली. दोघं केंद्रामागच्या खोलीत राहायची. नवा माणूस ओरडत, शिव्या देत आत आला की काका त्याच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसत आणि तो झोपेपर्यंत उठत नसत. फोटोखाली मी लिहिलं होतं : नऊ वर्षे व्यसनमुक्त. सगळा अर्ज त्या एका ओळीवर उभा होता, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

ट्रस्टची माणसं गुरुवारी येणार होती, तीही सकाळच्या बैठकीला. आदल्या सोमवारी दुपारी काका गावाहून परतले. चुलतभावाच्या दहाव्याला गेले होते. मी टेबलाशी कागद लावत होते. ते आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"ताई, माजे दिवस तुटले."

मला समजायला क्षण लागला. काल, रविवारी, नदीवरून परतल्यावर भावकीतल्या कुणीतरी ग्लास पुढे केला होता आणि यांनी तो घेतला होता. एकच, म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं नाही, बसा म्हटलं नाही. माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे : "कुणाला सांगितलंत?"

"बायकोला सांगितलं. उंद्या बैठकीत सांगतो की."

"उद्या नाही. गुरुवार होऊ द्या."

"ताई, ह्ये असं ऱ्हात न्हाय वो. आत दाबून ठिवलं की ते परत मागतंय."

हे वाक्य त्यांनीच शेकडो माणसांना शिकवलेलं होतं. मी ते अहवालात सुद्धा वापरलं होतं, चांगलं वाटतं म्हणून. पण त्या दुपारी मला फक्त गुरुवार दिसत होता. मी म्हणाले, "बावीस माणसं रस्त्यावर येतील काका. तुमच्या एका आकड्याने." आवाज चढला होता माझा. त्यांनी मान हलवली आणि ते खोलीकडे गेले. जाताना चप्पल नीट पायात न सरकवताच गेले.

आता ते बैठकीत बसणार आणि पाळी आली की बोलणार, म्हणून मंगळवारी मी त्यांना पावणेसातलाच सात रस्ता चौकात पिटाळलं. पाहुण्यांच्या स्वागताचा बॅनर आणायला. बॅनरचं दुकान दहाला उघडतं हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते गेले. बंद दुकानाच्या पायरीवर तीन तास बसून त्यांना समोरची दारूची दुकानं कशी दिसत असतील, याचा विचार माझ्या डोक्यात नऊ वाजता आला आणि मग हातून कुठलंच काम होईना. अकराला ते बॅनर घेऊन आले. बॅनर बघायचं निमित्त करून मी त्यांच्या जवळ गेले आणि श्वास ओढून घेतला. त्यांच्या ते लक्षात आलं.

"न्हाय घेतली," ते म्हणाले.

मला इतकी लाज वाटली की मी बॅनरवरच्या शुद्धलेखनावरून त्या दुकानदाराला फोनवर झापलं. बुधवारी मी काकांना एका रुग्णाच्या घरी धाडलं. पुन्हा सकाळी सातलाच.

नऊ वर्षांत सोलापुरात असून त्यांनी एकही बैठक चुकवलेली नव्हती. दोन दिवस त्यांची जागा रिकामी राहिली. मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येत नाहीये. ज्या माणसांचं अर्धं आयुष्य बाटली लपवण्यात आणि घरच्यांची नजर चुकवण्यात गेलं, त्यांच्यापासून मी लपवालपवी करत होते. शिकल्यासवरल्या माणसाचा मूर्खपणा तो हाच.

गुरुवारी पाहुणे सातच्या आधीच आले. साठीच्या एक बाई आणि लॅपटॉप घेतलेला एक तरुण माणूस. बाई खुर्ची नाकारून सरळ सतरंजीवर बसल्या, त्याने मला आणखीच धास्ती वाटली. खुर्चीवर बसणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं ते मला जमतं. काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्या समोरच्या बाजूला बसले. सोमवारपासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सतरा." उद्या भेटू. "एकसष्ट." उद्या भेटू. माझी पाळी आली, मी नेहमीचं वाक्य म्हणाले. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. पाळी गोल फिरत काकांच्या दिशेला निघाली. त्यांच्या शेजारी आठवड्यापूर्वी आलेला एक ड्रायव्हर होता. त्याला अजून नीट बसताही येत नव्हतं. तो म्हणाला, "सात." उद्या भेटू.

काकांनी दोन्ही तळवे मांडीवर घासले.

"तीन हजार तीनशे बावीस."

माझं मन एकदम हलकं झालं. खरंच झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. सुटलो, असं वाटलं. लॅपटॉपवाल्याने हौसेने दोन टाळ्या वाजवल्या आणि आपणच एकटे वाजवतोय हे कळून थांबला. मग मला कळलं की कुणीच काही बोललेलं नाही. पंचवीस-तीस माणसं खाली सतरंजीकडे बघत होती. छताचा पंखा तेवढा कुरकुरत होता. बाईंनी वहीतून मान वर केली.

कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. "उद्या भेटू."

माझा एकटीचा आवाज. तो मला कुणा परक्या बाईचा वाटला. त्यानंतरही सगळे गप्प. काकांच्या पलीकडच्या माणसाची पाळी होती, पण तो तोंड उघडेना. नऊ वर्षांत ज्या गोलाने उलटी करणाऱ्याला, चोरी केलेल्याला, बायकोवर हात उगारलेल्यालाही उत्तर दिलं होतं, त्या गोलाने काकांना उत्तर दिलं नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी हे केलं होतं. देवा, कुणीतरी काहीतरी बोला, असं मी मनात म्हणत होते.

"चुकलं," काका म्हणाले. घसा खाकरला. "चार."

"उद्या भेटू," सगळे म्हणाले. ड्रायव्हर सर्वांत मोठ्याने म्हणाला. पाळी पुढे सरकली.

बैठक संपल्यावर बाई माझ्यासमोर ऑफिसात बसल्या. त्यांनी अर्जाचं पहिलं पान उघडलं. "चार म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग आधी ते वेगळं का बोलले?"

सवयीने, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. छान शब्द होता. त्याने मी सुटले असते, अनुदानही कदाचित वाचलं असतं, आणि सगळं काकांच्या विसरभोळेपणावर गेलं असतं. लॅपटॉपवाला टाइप करायला बोटं रोखून बसला होता.

"मी तसं बोलायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "ते सोमवारीच खरं सांगणार होते. मी अडवलं."

बाईंनी अर्ज माझ्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं. मी 'नऊ वर्षे' खोडलं, वर 'चार दिवस' लिहिलं आणि बाजूला सही केली. लॅपटॉपवाल्याने मला विचारलं, "मॅडम, मग टक्केवारीचं काय करायचं?" मी म्हणाले, "तुम्हीच सांगा." चहा न घेता दोघं निघून गेली.

मी मागच्या खोलीकडे धावले. काका तिथे नव्हते. त्यांची बायको दारात लसूण सोलत होती.

"भाईर गेल्यात," ती म्हणाली. "फोन हितंच हाय."

"कुठे गेलेत?"

"मला काय ठावं? तुमीच धाडता की त्यांला कुटं कुटं."

ती रागाने बोलली नव्हती. ते वाक्य दिवसभर माझ्या कानात राहिलं. मी स्कूटर काढली. एस.टी. स्टँड पाहिलं, सात रस्ता पाहिला, ज्या दुकानांच्या दारात बाईमाणसाने उभं राहू नये तिथेही उभी राहून आत डोकावले. काका कुठेच नव्हते. संध्याकाळी जुळे सोलापूर भागातल्या माझ्या घरी आले तेव्हा माझ्या डोक्यात अनुदान नव्हतं. एक माणूस नऊ वर्षं कोरडा राहिला, एकदा घसरला, उठून खरं सांगायला माझ्या दारात आला, आणि मी त्याला परत ढकललं. आज तो प्यायला असेल तर ती दारू माझ्या हातची. एवढंच मला कळत होतं.

अनुदानाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. मिळालं, पण तीनऐवजी एक वर्षाचं, आणि एका अटीवर : वर्षभर काकांनी समुपदेशक म्हणून काम करायचं नाही. मी पत्र वाचून भडकले, लांबलचक उत्तर लिहायला बसले. काका म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. लिवू नका काय." आता ते एका वर्कशॉपात पुन्हा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात आणि कामावर जाण्याआधी सातला बैठकीला येतात. पण हे सगळं नंतरचं.

शुक्रवारी सकाळी मी साडेसहालाच केंद्रावर पोचले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्यात काकांची चप्पल आहे का, हे बघण्याचा धीर मला झाला नाही. आत गेले, तर ते आपल्या जागेवर बसलेले. डोळे सुजलेले, कालचाच शर्ट अंगात. आदला दिवस त्यांनी तळ्याकाठी बसून काढला होता, हे पुढे केव्हातरी त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पाळी त्यांच्यापासून सुरू झाली.

"पाच."

"उद्या भेटू," आम्ही सगळे म्हणालो. त्यात माझाही आवाज होता, आणि तो या वेळी माझाच वाटला.

पाळी फिरत फिरत माझ्याकडे आली. ऐकायला आलेय, म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते वाक्य काही निघेना. शेजारचा माणूस माझ्यानंतर बोलायच्या तयारीत होता. त्याला थांबावं लागलं. मी काकांकडे बघितलं. ते बघतच होते.

"एक," मी म्हणाले.

कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांत आधी काकांचाच आवाज आला.

"उद्या भेटू."