तीन सेकंदांत शंभर

माझी शाळा चौथीपर्यंत. पण गाडीचं म्हणाल तर वडवणीच्या आसपास माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस मला अजून भेटायचाय. पस्तीस वर्षं जीप चालवली, नारायणगडाच्या यात्रेला चौदा-चौदा माणसं भरून नेली, इंजिन स्वतः खोललं आणि स्वतः बसवलं. त्यामुळं आमच्याकडं एक रीतच पडली होती. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की व्यवहाराआधी मला न्यायचं. मी तपासायचो आणि एकच शब्द बोलायचो, पास नाहीतर नापास. कारण सांगायचो नाही आणि शब्द फिरवायचो नाही. घाटनांदूरच्या एका बागायतदारानं माझ्या एका नापासवर हौसेनं ठरवलेली गाडी सोडून दिली होती.

माझी परीक्षा साधी. सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी जायचं आणि बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं की समजायचं, मालकानं आधीच चालू करून ठेवलीय, थंड असताना ती उठत नसणार. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, आणि आत काय कुरकुरतंय ते ऐकायचं. मग भरल्या गाडीनं बरडाचा चढ, मध्येच थांबवून पुन्हा उचलायची. शेवटी मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरून ब्रेक दाबायचा. गाडी सरळ थांबते का एका अंगाला ओढते, यात माझा सगळा जीव. पळवायला काय, कुणालाही पळवता येते.

आता मोबाईलवर गाड्यांच्या टेस्ट येतात. मी रोज बघतो आणि रोज चिडतो. कुठल्यातरी रिकाम्या, सपाट रस्त्यावर एकजण बसतो, शून्यापासून शंभर, तीन सेकंद, म्हणून किंचाळतो. अरे, पण पुढं काय? समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला तर? वैशाखात दुपारी एसी लावून अर्धा तास उभी राहिली तर? आमच्याकडं ज्यानं त्यानं आपापल्या दारासमोर स्पीडब्रेकर घातलेत, त्यावरून पोट न घासता जाईल का? हे कुणी मोजत नाही. काही गाड्यांत तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून काढतात म्हणे. ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरी बघतो, कारण त्या गाड्यांची घडण बघितली की डोळा हटत नाही. म्हणून तर राग येतो.

माझा पुतण्या ऊसतोडीचा मुकादम. आधी स्वतः कोयता चालवला, आता टोळ्या पाठवतो. गाडीचं वेड त्याला माझ्याच जीपमध्ये लागलं. एक दिवस आला आणि म्हणाला, "काका, उद्या पुण्याहून एक गाडी यायलीय. दोन शिटाची. तुमी बघितल्याबिगर घेत न्हाई."

"दोन शिटाची? मग लेकरं कुठं बसवतो, टपावर?"

"काका, तुमी गाडी बघा. माझं घर नका बघू."

मी हसलो. खरं तर रात्री झोप लागली नाही. असली गाडी आजवर फक्त मोबाईलवर पाहिली होती.

सकाळी चहाच्या हॉटेलसमोर ती उभी होती, हळदीसारखी पिवळी, जेमतेम माझ्या कमरेएवढी. मी नेहमीसारखा बॉनेटवर हात ठेवला. गार. "शाबास," म्हणालो, "तापवून आणली न्हाई." विकायला आलेला माणूस अदबीनं म्हणाला, "आजोबा, इंजिन मागे आहे." हॉटेलातले सगळे फिदीफिदी हसले. मागचं झाकण उघडलं तर सगळीकडं प्लास्टिकचे पत्रे. स्क्रूड्रायव्हर टेकवायला लोखंड सापडेना. तो खिशात टाकला. म्हणालो, "किल्ली आण. चालवूनच बघतो."

क्लच नसतो हे मला ठाऊक होतं. टेस्ट बघून बघून पाठ झालं होतं. पण हे पायाला कुणी सांगितलं नव्हतं. पुतण्या शेजारी, मागं मोटारसायकलींवर विकणारा माणूस आणि हॉटेलातली चार माणसं, एकाच्या हातात मोबाईल. मोकळ्या रस्त्याला लागलो, काटा ऐंशीवर गेला, गाडी अशी काय सुटली की माझ्या अंगावर काटा आला. आणि जीपला गिअर बदलावा तसा माझा डावा पाय सवयीनं खाली गेला, जीपचा क्लच दाबावा तितक्या जोरानं. तो सगळा ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थिजली. पट्टा होता म्हणून पुतण्याचं कपाळ वाचलं.

"काका, काय करायलाव!"

मागचा एक ओरडला, "आबा, जीप न्हाई ती, जरा दमानं!" दुसरा म्हणाला, "पुन्हा करा की, शूटिंग हुकलं!"

मी खाली उतरलो, दार आपटलं. "नापास."

"का पण, आजोबा?" विकणाऱ्यानं विचारलं.

"कारण सांगत न्हाई मी."

घरी येऊन बाजेवर पडलो आणि मला ते आठवायला लागलं. माझे हात स्टेअरिंगवर नुसते ठेवलेले होते. ऐंशीवरून एवढा दणका बसला आणि गाडी तसूभर डावीउजवीकडं गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्या जागेवर चालत गेलो. डांबरावर टायरचा काळा पट्टासुद्धा नव्हता. म्हणजे चाक घसरलंच नव्हतं. वाकून वाकून शोधलं, एक मेंढपाळ विचारायला लागला, "काय हरवलं का आबा?" असला ब्रेक मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझी शेवटची परीक्षा ती गाडी सगळ्यांपेक्षा चांगली पास झाली होती. आणि पाय माझा चुकला म्हणून मी तिला नापास केलं होतं, पुतण्याच्या हौसेवर पाणी फिरवलं होतं.

दोन दिवस स्वतःशी भांडलो. शब्द फिरवायचा म्हणजे आजवरचे सगळे शब्द पातळ करायचे. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. सून समोर होती, तरी सांगून टाकलं. "त्या दिवशीचा शब्द मागं घेतो. डावा पाय चुकला माझा. गाडी पास हाय. त्या माणसाला बोलावून घे."

पुतण्या सुनेकडं बघायला लागला. मग म्हणाला, "काका, रागावू नका. गाडी घेतली म्या. त्याच दिवशी सांजच्याला."

"माझ्या नापासवर?"

"टेस्ट बघितलती की मी. तीन सेकंदांत शंभर. तुमाला वाईट वाटंल म्हणून बीडला दोस्ताकडं लावली."

"मग मला काहून नेलं तपासायला?"

"रीत हाय म्हणून. तुमालाबी बरं वाटतंय."

सुनेनं चहा पुढं केला, मी घेतला नाही. विचारलं, "ऐंशीवरून किती फुटात थांबती, ठाऊक हाय का तुला?"

"न्हाई."

"मग तू काय बघून घेतली बे?"

मी चपला घातल्या. तो दारापर्यंत आला, म्हणाला, "बीडहून आणतो, चला, एक चक्कर मारू." मी म्हणालो, "आधी भर वेगात ब्रेक दाबायला शिक. शिकलास की निरोप धाड, मी शेजारी बसतो."

गाडी आता गावातच असते, माझ्या ओट्यावरून दिवसातून दोनदा दिसते. स्पीडब्रेकरवर तो ती तिरपी न घेता सरळ चढवतो आणि तिचं पोट खरवडतं, ते मला घरात ऐकू येतं. निरोप अजून आलेला नाही.