द्वारकाबाईंचा जहाजावरचा पहिला दिवस

गेल्या डिसेंबरात आम्ही मुंबईहून गोव्याला जहाजाने गेलो. मी, नवरा इंद्रजित, नऊ वर्षांची संस्कृती आणि माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. आम्ही बारामतीत राहतो, त्या गावी, निरवांगीत. वय सदुसष्ट, समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना सांभाळायचं कसं, ही काळजी मला होती.

बंदरावर पोचताच मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून काढून घेतल्या. "संध्याकाळपर्यंत खोलीत येतील," तिथला माणूस म्हणाला. इंद्रजितचा चेहरा पडला. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आत राहिल्या होत्या. सासूबाईंनी निघतानाच थोड्या गोळ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकल्या होत्या, त्या काढून दिल्या. संस्कृतीचे कपडेही त्यांनी सोबत ठेवले होते.

"आरं, एवढ्या माणसांच्या बॅगा म्हंजे उशीर व्हणारच की," त्या म्हणाल्या.

तपासणीच्या रांगांत दोन तास गेले. जहाजावर चढलो तर खोल्या तयार नव्हत्या. आम्ही जेवून घेतलं आणि तीनला खोली मिळाली. जरा टेकतोय तोच भोंगा वाजला. सात छोटे, मग एक लांब. संकटात काय करायचं याचा सराव होता. प्रत्येकाने आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं आणि तरंगायचं जाकीट कसं घालायचं ते शिकायचं.

बरेच लोक गप्पा मारत, फोटो काढत उभे होते. पुण्याची स्वरदा तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याशेजारी होती. तिची सहा वर्षांची इरा मात्र भोंग्याला घाबरून टेबलाखाली शिरली आणि काही केल्या बाहेर येईना. सासूबाई नऊवारी सावरत सरळ जमिनीवर बसल्या. जाकीट मुद्दाम उलटं घातलं.

"बाय, मला हे काय जमंना. कसं घालायचं गं?"

इराने डोकावून पाहिलं. "आजी, उलटं घातलंय!"

"व्हय? मग तूच नीट कर की."

इरा बाहेर आली. तिने आजींचं जाकीट सुलट केलं, आजींनी तिचं बांधलं.

"तो भोंगा का ओरडतो?" इराने विचारलं.

"वराडत न्हाय, हाक मारतोय. समदी हितं या म्हणतोय. आपून आलो, झालं."

जाकीट शिकवणारी मुलगी हे बघत होती. तिने पुढचा सराव इराला समोर उभं करून दाखवला, तेव्हा फोटो काढणारेही बघू लागले.

"आई, लहान मुलांचं हे तुम्हाला कसं जमतं?" मी नंतर विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्न होऊन वर्ष झालं असेल. शेजारची गोजर विहिरीत पडली. सासूबाई काठावर होत्या, पण पोहता येत नव्हतं. ओरडण्याशिवाय काही करता आलं नाही. गड्यांनी पोरगी वर काढली, ती वाचली. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या सासऱ्यांना, जोतीरामांना म्हटलं, मला पोहायला शिकवा. पाठीला पांगाऱ्याचं हलकं, तरंगणारं लाकूड बांधून त्या शिकल्या. त्यांची सासू टाकून बोलली, भावकी हसली. पण पुढची तीस-पस्तीस वर्षं, उन्हाळ्याच्या सुट्टीत निरवांगीच्या पोरी त्यांच्याकडेच पोहायला शिकल्या.

"भ्यालेल्या पोरीला वढून पाण्यात न्हेलं तर ती जलमभर शिकत न्हाय," त्या म्हणाल्या. "तिला कायतरी काम द्यायचं."

बारा वर्षं मी या बाईची सून आहे. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

साडेपाचला जहाज हललं. सगळे वरच्या डेकवर धावले. सासूबाईंनीही मुंबईच्या इमारती लहान होताना डोळे भरून पाहिल्या. मग संस्कृतीला म्हणाल्या, "आता खोलीपासनं जमायच्या जागंपातुर एकटी जाऊन दाखव. म्या मागनं येती."

संस्कृती एकदा चुकली, दुसऱ्यांदा बरोबर पोचली. मग इंद्रजितची पाळी झाली, मग माझी. बॅगा साडेसहाला आल्या. जेवायच्या वेळी स्वरदा आमचं टेबल शोधत आली, आणि इरा कुणाला न विचारता सासूबाईंशेजारच्या खुर्चीवर बसली.