नवसीनं शिकवलेलं वाचन

मुरबे गावात लग्न निघालं की भटाआधी नवसीला सांगावा जायचा. ती धवलारीण. हळदीपासून मांडव सुटेपर्यंत कुठल्या विधीला कुठलं धवलं गायचं ते सगळं तिच्या जिभेवर. मावशीनं तिला शिकवलं ते वाळत्या बोंबलांच्या सावलीत बसवून, डोळे मिटायला लावून. मावशी एक ओळ म्हणायची, नवसी मागून म्हणायची. चुकली की मांडीला चिमटा. आमच्याकडं शिकणं म्हणतात ते याला. तोंडातून कानात, कानातून तोंडात. मधे कागदाचं काय काम?

बाई अंगानं वाळकी, आवाजानं दणकट आणि तोंडाळ. गिऱ्हाइकानं मासा फार दाबून पाहिला तर विचारायची, बायको पण अशीच दाबून आणलीस का? नवरा समुद्रात गेला तेव्हा जानू तिच्या पोटात होता. प्रेत काही आलं नाही. तेव्हाच तिनं दिराला, वामन तांडेलाला, सांगून टाकलं की हा पोर मी होडीत घालणार नाय. पालघरच्या कचेरीत शिपाई होऊ दे, बोईसरकडं नवं मोठं काम निघालंय म्हणतात तिथं राखणदार होऊ दे, पण पाय जमिनीवर. वामन वाईट माणूस नव्हता. होडीत हात कमी पडत होते आणि दोन घरच्या चुली त्यालाच पेटवायच्या होत्या. तो म्हणाला, "शिकला तर शिकव, वैनी. नाय शिकला तर माझ्याकडं दे." तिनं मान डोलावली.

पहिलीत वर्ष गेलं तरी जानूला अक्षर ओळखता येईना. म्हणायचा, आये, ती हलतात. नवसीनं त्याच्या डोळ्यांत मध घातला, भगताकडून अंगारा आणला, तरी अक्षरं हलायची ती हलतच राहिली. मग तिनं तिला येत होता तो इलाज केला. शेजारच्या शकूला भाजलेल्या बोंबलाची लालूच दाखवून तिच्याकडून पहिलीचं पुस्तक मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मावशीनं आपल्याला शिकवलं तसं जानूला शिकवलं. डोळे मिटून. चुकला की चिमटा.

पोर आईचाच. एकदा ऐकलं की बसलं. शाळेत मास्तर एक, तेही म्हातारे, आणि पोरं जत्रेसारखी. ज्याची पाळी येईल त्यानं उभं राहून झालेला धडा म्हणायचा. जानू खाडखाड म्हणायचा, पान उलटायच्या जागी पानही उलटायचा. पहिली निघाली, त्याच रीतीनं दुसरीही निघाली. नवसी माशांची पाटी डोक्यावर घेऊन गावभर सांगत हिंडली. वामननं होडीचा विषय काढायचं सोडलं.

तिसरीला कमलाकांत मास्तर आले. शिरगावचे, तरुण. त्यांनी अजून न शिकवलेलं पान उघडून जानूपुढं धरलं. जानू पानाकडं बघत उभा राहिला. मास्तरांनी मारलं नाही. मागचं पान, त्याच्या मागचं, असं करत ते पहिलीच्या पुस्तकापर्यंत आले आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तोही येईना.

निरोप गेला तशी नवसी पाटी घेऊनच शाळेत आली, भांडायला.

"माझ्या पोराला येत नाय म्हणता? अवो मास्तर, त्याला सोडा, मलाबी येतं."

पाटी दारात ठेवून तिनं पहिलीचं पुस्तक पहिल्या धड्यापासून म्हणायला घेतलं. एक शब्द चुकला नाही. ते संपवून तिनं दुसरीचं धरलं. मास्तर हातात पुस्तक घेऊन पानं उलटत ऐकत होते.

"सांगा आता, चूक कुठं हाय?"

"चूक नाही, बाय," मास्तर म्हणाले. मग त्यांनी पुस्तक तिच्यापुढं धरून एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

नवसी बघत राहिली. मांजर दारातल्या पाटीत तोंड घालत होतं, त्याचंही तिला भान नव्हतं. ती तिथंच जमिनीवर बसली.

"म्हंजे मीच घालवला त्याला," म्हणाली.

मास्तर नाही म्हणाले नाहीत. शाळा सुटल्यावर पोराला थांबवा म्हणाले, आणि इथून पुढं त्याच्यासमोर कुणी मोठ्यानं वाचायचं नाही. ते ओट्यावर चिंचोके मांडून अक्षर करायचे. जानू त्यावर बोट फिरवायचा, ग म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तोच ग त्याला ओळख देत नसे. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत काढून झालं, पाठीवर बोटानं गिरवून झालं. नवसी शेजारी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसायची. कारण बघून बघून तिलाच अक्षरं यायला लागली होती, ती ओठांवर यायची, आणि पोर तिच्या ओठांवरून ओळखायचा. शेवटी मास्तरांनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं. गावानं टिंगल केली. म्हणाले, शिक्षा पोराला का आयशीला?

एका संध्याकाळी तिनं जानूला बोंबलाच्या काठीनं बडवलं आणि मग तीच काठी स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायला लागली. मास्तरांनी ओढून घेतली तेव्हा तिच्या भुवईवरून रक्त येत होतं. जानू रडला नाही. चिंचोके गोळा करत बसला.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. निकाल लागायच्या आधी नवसी मास्तरांच्या खोलीवर गेली आणि पायांवर पडली. चौथीत ढकला म्हणाली.

"ढकलीन. पण तेवढ्यानं त्याला वाचता येईल का? मला जेवढं येत होतं तेवढं करून झालं, नवसीबाय. याच्यापुढं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही."

"मग कुणाला ठाव हाय?"

पालघरला मास्तरांनी शाळाखात्याच्या मोठ्या साहेबांना विचारून पाहिलं होतं. पोर मठ्ठ असेल, असं साहेब म्हणाले. जानू मठ्ठ नव्हता हे मास्तरांना ठाऊक, आयशीला ठाऊक, आणि त्या ठाऊक असण्यानं एक अक्षर पुढं सरकत नव्हतं.

पावसात होड्या वर ओढलेल्या होत्या तेव्हा जानू आपणहून वामनच्या अंगणात जाऊन जाळं विणायला बसला. नवसीनं कानाला धरून त्याला घरी आणलं. तो परत गेला. तिनं परत आणलं. तिसऱ्या वेळी तो उठेचना.

"आये, तुला वाचता येतं ना आता," तो म्हणाला. "मला नाय येनार. बास कर."

तिनं त्याचा कान सोडला.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात गेल्या. सगळं मुरबं बंदरावर होतं, नवसी घरात होती. होडीत जानूला भात शिजवायचं आणि पाणी उपसायचं काम दिलं.

दसऱ्याच्या सुमाराला ती काठ्यांवरचे बोंबील पालटत असताना वामन मुद्दाम येऊन उभा राहिला. भावजयीला चार बरे शब्द सांगावेत म्हणून आला होता. म्हणाला, पोर सोनं हाय. कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या मागं आला की खाली खडक, कुठं ओढ, कुठं जाळी टाकायची, सगळ्या खुणा एकदा सांगितल्या आणि त्याला पाठ झाल्या. म्हाताऱ्या खलाशांना जमत नाय ते त्याला जमलं.

नवसीनं हातातला बोंबील उलटा टाकला.

"त्याच्या बापालाबी सगळं पाठ होतं, भावजी," ती म्हणाली, आणि पुढच्या काठीकडं सरकली.