पेटीला वाहिलेलं कुंकू

उधन्यातल्या कापड-कारखान्यांच्या वस्तीत आमच्या गच्चीवर मधमाश्यांची पेटी होती. शहराच्या हवेत काय काय उडतं ते तपासायला कॉलेजवाल्यांनी हौशी लोकांना अशा पेट्या दिल्या होत्या, आणि मला नको त्या गोष्टींची हौस फार. माश्या दिवसभर हिंडायच्या आणि अंगाला चिकटलेली धूळ घेऊन घरी यायच्या. ती पेटीच्या तळाशी घातलेल्या पांढऱ्या कागदावर झडायची. तो कागद आम्ही कॉलेजात पोचवायचो.

दुपारी मी पेटीशेजारी आडवा व्हायचो. खालच्या कारखान्यातल्या कापड विणायच्या लूमचा खडखडाट आणि माश्यांची गुणगुण एकमेकांत विरघळायची. वाटायचं, गच्चीच हळूहळू वर तरंगत चाललीय.

दसऱ्याला आईनं खाली लूमची पूजा केली आणि वर येऊन पेटीवरही हळदकुंकू वाहिलं. "त्याही राबतातच की," म्हणाली. त्या खेपेचा कागद लालसर निघाला. कॉलेजवाले हसले. मी मात्र आईवर खेकसलो, "सगळा नमुना वाया घालवलास!" ती ओशाळली. तिनं ओल्या फडक्यानं पेटी पुसून काढली आणि मी कोरा कागद घातला.

दिवाळीनंतर ऊन मऊ झालं. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांच्या बाजूनं माश्या त्या उन्हात चमकत, सावकाश उतरायच्या. अशाच एका दुपारी अर्धवट झोपेत मी कागद ओढला. तो पुन्हा लालसर होता.

गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या आईकडं मी पाहिलं.

"या खेपेला मी काहीच लावलं नाही रे," ती घाबरून म्हणाली.